१३० लिटरची टाकी बसवली, वाढले फक्त ३ लिटर

मंडळी, हे लिहायला मला जवळपास वर्ष लागलं, कारण सांगायचीच लाज वाटत होती. पुण्यात असताना पंपावरचा पोरगा ‘साहेब झिरो बघा’ म्हणायच्या आधीच झिरो बघणारा माणूस मी, शंभराचं पेट्रोल टाकलं तरी मीटरवरून नजर हलायची नाही, आणि इथे मेलबर्नला येऊन एका पठ्ठ्याने मला तेराशे डॉलरला बनवलं. तेही टाकीच्याच बाबतीत.

तर झालं असं. माझ्याकडे आयसुझू डी-मॅक्स आहे, डबल कॅब, डिझेल. भारतात व्ही-क्रॉस म्हणून मिळते तीच. मागे ट्रे असलेल्या असल्या गाडीला इकडे यूट म्हणतात आणि ती घेतली की माणसाला आपोआप वाळवंटात जायची खाज सुटते. आमचा चार गाड्यांचा प्लॅन होता सिम्प्सन डेझर्ट क्रॉस करायचा, माउंट डेअरला, म्हणजे अलीकडच्या शेवटच्या पंपावर, टाक्या फुल करायच्या, डलहौसीच्या गरम पाण्याच्या कुंडात एक डुबकी, आणि मग फ्रेंच लाइनने साधारण अकराशे वाळूच्या टेकड्या ओलांडत पलीकडचं बर्ड्सव्हिल गाव. मधे पाचशे किलोमीटरच्या वर एकही पंप नाही. कंपनीची टाकी ७६ लिटरची. हायवेला गाडी शंभर किलोमीटरला ९-१० लिटर पिते पण वाळूत हवा कमी केलेल्या टायरवर लो रेंजमध्ये (कमी वेगाचे, जास्त ताकदीचे गियर) १८ तर धरायलाच लागतात, म्हणजे ५५० किलोमीटरला ९९ लिटर. आमच्या ग्रुपमधला नाशिकचा दादा, तीन वेळा जाऊन आलेला, तो तेव्हाच म्हणाला होता की अरे ७६ आणि वीस-वीसचे दोन पिवळे जेरीकॅन, ११६ झाले, भीती वाटत असेल तर तिसरा घे, कशाला टाकी बदलतोस. पण मी ऐकतोय कसला. मला बटण दाबल्यासारखं लाँग रेंज टँक, म्हणजे लांब पल्ल्याची मोठी टाकी, पाहिजे होतं.

मी चौकशी केली ती अशी. लाँग रेंज टँक दोन प्रकारचे. एक म्हणजे मूळ टाकी काढून त्याच जागी मोठी बसवायची, दुसरं म्हणजे मूळ टाकी तशीच ठेवून आणखी एक जोडायची, बहुतेक वेळा स्टेपनीच्या जागी, मग स्टेपनी मागच्या बंपरवर न्यावी लागते, खर्च वाढतो. मला पहिला प्रकार हवा होता. दोन नावाजलेल्या दुकानांनी बसवून साडेएकोणीसशे आणि एकवीसशे सांगितले. आणि मग क्रिकेटच्या टीममधला एक जण म्हणाला माझ्या ओळखीचा एक आहे, शेडमध्ये काम करतो, गोरा आहे पण माणूस चांगला आहे. (हे ‘गोरा आहे पण’ आणि ‘आपला आहे म्हणून’ दोन्ही वाक्यं ऐकली की आता मी पाकीट चाचपतो.)

शेड पश्चिमेला इंडस्ट्रियल एरियात, बाहेर बोर्ड नाही, आत दोन लँडक्रूझर उघडून ठेवलेल्या, कोपऱ्यात निळा कंप्रेसर, त्याच्या टाकीवर फुटबॉल क्लबचे स्टिकर. माणूस बोलायला गोड. त्याने पहिल्यांदा मला घाबरवलं, जेरीकॅन उन्हात फुगतात, वाळूत भरताना वारा असतो, डिझेल सांडतं, फॅमिली बरोबर असेल ना? मग दाखवली काळी कुळकुळीत टाकी, नवीन कोरी, १३० लिटर, दोन मिलिमीटरचा स्टील, आत डिझेल हिंदकळू नये म्हणून बॅफल आहेत म्हणे. १३०० मध्ये बसवून. पाचशे ॲडव्हान्स पेआयडीवर (आपल्या यूपीआयसारखं), आठशे कॅश. पेआयडी टाकल्यावर बँकेच्या ॲपने नाव दाखवलं ते कुठल्यातरी बाईचं. मी विचारलं तर म्हणाला पार्टनर आहे, नो वरीज मेट. पावती? ईमेल करतो. मूळ टाकीचं काय? मी डिस्पोज करतो, तुला कुठे त्रास. मी थँक्यू म्हणालो! माझी चांगली टाकी त्याला फुकट देऊन वर थँक्यू.

गाडी संध्याकाळी मिळाली. जुनं डिझेल साधारण वीस लिटर परत आत टाकलंय म्हणाला. मी सरळ पंपावर गेलो, हिशोब सोपा, १३० मधून २० गेले, ११० बसायला हवेत. ८६ वर नोझल टक् करून बंद. परत दाबलं, टक्. परत, टक्. फेस वर येऊन थोडं डिझेल बुटावर. त्याला फोन केला तर म्हणाला पहिल्यांदा हवा अडकते, गाडी उतारावर लावून भर. आता बघा, हे अर्धं खरं आहे, मोठ्या टाकीत वरच्या कोपऱ्यात हवा अडकते, हवा बाहेर जायचा ब्रीदर पाइप नीट नसला तर नोझल लवकर बंद होतं, हे कोणीही सांगेल. म्हणूनच पटलं. पुढच्या वेळी मी पंपावर एक चाक कर्बवर चढवून गाडी तिरकी लावून डिझेल भरत होतो आणि मागचा ट्रकवाला माझ्याकडे बघत होता की हा काय पूजा घालतोय का. डिझेल संपत आल्याचा दिवा लागल्यावर भरलं तर ७१ बसले. परत फोन. म्हणाला काटा आणि दिवा कंपनीच्या टाकीच्या हिशोबाचे आहेत, दिवा लागला तरी तुझ्या टाकीत अजून पन्नास-साठ लिटर असतात, बिनधास्त चालव. हेसुद्धा अर्धं खरं. मूळचाच सेन्सर वापरला की काटा बराच वेळ फुलवर बसून राहतो, मग खाली येतो, रेंजचा आकडा पण चुकतो. त्याच्या प्रत्येक थापेत असा एक खरा खडा होता.

आणि तो आवाज. राउंडअबाउटला वळलं की पाठीमागून ढुब्ब. ब्रेक मारला की अर्ध्या सेकंदाने परत ढुब्ब आणि गाडी कोणीतरी मागून ढकलल्यासारखी एक इंच पुढे. बायको म्हणाली, तू म्हणाला होतास पोटातलं पाणी हलणार नाही अशी गाडी आहे, हिच्या पोटातलं तर डिझेल हलतंय. मी तिला बॅफल म्हणजे काय ते समजावून सांगितलं, टाकीच्या आत आडवे पत्रे असतात, त्यांना भोकं असतात, त्यामुळे डिझेल एकदम एका बाजूला जात नाही. ती म्हणाली मग जातंय कसं? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी रेडिओ लावला.

ईस्टरला ग्रॅम्पियन्सला गेलो होतो, हॉल्स गॅपहून परत येताना अरारतच्या आसपास दिवा लागला. माझ्या डोक्यात पन्नास-साठ लिटर. बायकोने दोनदा सांगितलं भरून घे, मी म्हणालो बॅलरॅटला भरू, घाई काय आहे. बॅलरॅटच्या वीसेक किलोमीटर अलीकडे, बरंबीट तळ्याच्या जवळ, गाडीने एक आचका दिला, दुसरा दिला आणि बंद. लाँग वीकेंडची परतीची गर्दी, बाजूने कॅरॅव्हान शंभरच्या स्पीडने जातायत, गाडी थरथरतेय, मागे मुलगी विचारतेय बाबा डिझेल संपलं का. मी म्हणतोय नाही गं, आहे आत पन्नास लिटर. आणि खरंच आत होतं! गंमत तीच आहे. रोडसाइडवाला दीड तासाने आला, दहा लिटर टाकले, डिझेल इंजिन कोरडं पडलं की लाइनमध्ये हवा जाते ती काढायला हँड प्रायमर दाबत बसावं लागतं ते त्याने केलं, आणि गाडी चालू झाली. बॅलरॅटला भरलं तर ६९ बसले. ती पावती अजून माझ्याकडे आहे. १० आणि ६९, एकोणऐंशी. पूर्ण बंद पडलेल्या गाडीत, १३० च्या टाकीत, ७९ लिटर. त्या पंपावर उभा राहून मी पहिल्यांदा नीट विचार केला.

मग एका पंजाबी डिझेल मेकॅनिककडे नेली, पाजी एकदम सरळ माणूस. त्याने टाकी खाली उतरवली, बघितली आणि पहिलं वाक्य, ‘ओ भाई, ये किसने लगाया?’ मला शेजारी उभं करून एकेक दाखवलं. काळा रंग नखाने खरवडला तर खाली गंज. एका बाजूला ग्राइंडर मारल्याची चकाकी, कंपनीची प्लेट होती ती घासून काढलेली. एका कोपऱ्यात वेल्डिंगचा ठिगळ, त्याच्या कडेला डिझेलचा ओला डाग, म्हणजे माझ्या ड्राइव्हवेवरचे थेंब जे मी शेजाऱ्याच्या बोटीवर ढकलत होतो ते माझेच. आत टॉर्च मारला, बॅफल एकही नाही, होते ते कापून काढल्याच्या खुणा. दुसऱ्या कुठल्यातरी मॉडेलची जुनी टाकी, कापून-जोडून डी-मॅक्सला बसवलेली. आणि मुख्य म्हणजे डिझेल ओढणारा पाइप. तो माझ्या मूळ टाकीचा, तिच्या उंचीचा, जसाच्या तसा या खोल टाकीत लावलेला, वाढवलाच नव्हता. त्यामुळे पाइपच्या तोंडाखालचं डिझेल इंजिनला कधीच मिळणार नव्हतं. चांगल्या टाकीत तळाला एक खोलगट जागा असते आणि पाइप तिथपर्यंत जातो, म्हणजे गाडी चढाला लागली तरी डिझेल तोंडाशी राहतं.

पाजीने माझ्यासमोर माप लावलं. टाकी गळ्यापर्यंत भरली तर एकूण १०६ लिटर. त्यातले २७ पाइपच्या खाली. १०६ वजा २७ म्हणजे ७९. मूळ टाकी ७६. म्हणजे तेराशे डॉलर देऊन मी तीन लिटर वाढवले होते आणि २७ लिटर डिझेल, बावीस-तेवीस किलो, उगाच पोटाशी बांधून फिरत होतो. फिल्टर उघडला तर तळाला नारिंगी पापुद्रे. पाजी म्हणाला हे इंजेक्टरमध्ये गेलं असतं तर तेराशे विसर, चार आकड्यात पहिला आकडा मोठा असता. आणि माझ्या डोळ्यासमोर बरंबीटचं तळं नाही, सिम्प्सनची वाळू आली. तिथे आचका दिला असता तर?

त्या माणसाला फोटो पाठवले. पहिल्यांदा म्हणाला सेकंडहँडच सांगितलं होतं. मग म्हणाला पाइप वाढवून देतो, दोनशे लागतील. मग म्हणाला रिफंड पॉलिसी नाही. इथे हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, ऑस्ट्रेलियात ‘नो रिफंड’ असं म्हणायची कायद्याने सोय नाही, कन्झ्युमर लॉ २०११ पासून देशभर एकच आहे, वस्तूत मोठा दोष असला तर पैसे परत घ्यायचे की बदलून घ्यायचं हे आपण ठरवायचं, दुकानदाराने नाही. आणि ७५ डॉलरच्या वरच्या खरेदीला पावती देणं बंधनकारक आहे, मागितली नाही तरी. मी हे मेसेजमध्ये लिहिलं आणि त्याने मला ब्लॉक केलं. शेडवर गेलो, कुलूप. मग घरी येऊन एबीएन लुकअपवर (एबीएन म्हणजे इथला धंद्याचा नोंदणी नंबर) त्याने जो नंबर व्हॉट्सॲपवर दिला होता तो टाकला, फुकट आहे, अर्धा मिनिट लागतं, एबीएन रद्द झालेला, माझ्या कामाच्या कितीतरी आधी. हे अर्धं मिनिट मी पाचशे पाठवायच्या आधी घालवलं नाही.

पुढे कन्झ्युमर अफेअर्स व्हिक्टोरिया, म्हणजे राज्याच्या ग्राहक खात्याची, माहिती वाचून त्याला रीतसर पत्र, मग व्हीकॅटमध्ये, म्हणजे असले वाद ऐकणाऱ्या राज्याच्या लवादाकडे, अर्ज. आठशे कॅशचा पुरावा म्हणजे त्याचाच एक मेसेज, ‘८०० रिसीव्ड, चीअर्स’. तो वाचला म्हणून मी वाचलो, नाहीतर ते आठशे गेलेच होते. पंपाच्या पावत्या, पाजीचा लेखी रिपोर्ट, फोटो, सगळं लावलं. तो आलाच नाही. ऑर्डर माझ्या बाजूने लागली. पण ऑर्डर म्हणजे पैसे नव्हेत हे मला तेव्हा कळलं, वसुलीसाठी परत मॅजिस्ट्रेट कोर्टाकडे जावं लागतं, ते आता चालू आहे. क्रिकेटवाला मित्र म्हणतो मला तर त्याने चांगलं काम करून दिलं होतं. असेल. त्याच्या गाडीचा बुलबार (पुढचं लोखंडी गार्ड) बाहेरून दिसतो, माझ्या टाकीच्या आत कोण बघणार.

कोणाला टाकी घ्यायचीच असेल तर माझं म्हणणं एवढंच की सगळे पैसे आधी देऊ नका, टाकी रिकामी करून बसवायला सांगा आणि बसवल्यावर फिटरला बरोबर घेऊन पंपावर जा, तो किती लिटर बसले ते बघेल, तुम्हीही बघा, मग उरलेले द्या. आणि एकूण किती बसतात ते विचारू नका, इंजिनला किती मिळतात ते विचारा, खालचे किती वाया. प्लॅस्टिकची घ्या की स्टीलची यावर लोक तासन्‌तास भांडतात, प्लॅस्टिकला गंज नाही, स्टीलला दगडाचा मार लागला तर बहुतेक फक्त पोचा येतो, दोन्ही चालतात, पण प्लेटवर नाव आणि मॉडेल असलेली घ्या. मूळ टाकी घरी आणा, गॅरेजमध्ये कोपऱ्यात पडून राहिली तरी चालेल. मला ती भंगारवाल्याकडून अडीचशेला घ्यावी लागली, ती माझीच असली तरी मला नवल वाटणार नाही. आणि इन्शुरन्सवाल्यांना बदल कळवा, मी ते पण केलं नव्हतं.

गेल्या वर्षीची ट्रिप या भानगडीत बुडाली. या जुलैला निघतोय, ७६ ची टाकी आणि तीन पिवळे जेरीकॅन, दादा गालात हसतोय आणि मी काही बोलत नाही. परवा मार्केटप्लेसवर एक जाहिरात दिसली, नवीन नाव, नवीन नंबर, लाँग रेंज टँक, ब्रँड न्यू, फिटेड, १३५०. फोटोत मागे कोपऱ्यात निळा कंप्रेसर, फुटबॉल क्लबचे तेच स्टिकर. पन्नास डॉलर वाढवलेत.