हॉल इफेक्ट कंट्रोलर, आठ महिन्यांनंतर: वांगं बामणोदचं, भाजलं गॅसवर

बामणोदचं वांगं म्हणजे भरताचं नावाजलेलं वांगं, पण गॅसवर भाजलं की मजा जाते. माझ्या गेम कंट्रोलरचं (म्हणजे पॅडचं) तसंच, कल्पना चांगली, बनावट कच्ची. वापर नोव्हेंबर ते जून, जळगावात, पीसीवर, रोज साधारण दीड तास. फुटबॉल आणि रेसिंग जास्त. पॅड अडीच हजारांच्या आसपासचा. नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न एका पॅडपुरता नाही. प्रत्येक गोष्टीला दहापैकी मार्क दिलेत, कल्पनेला वेगळे आणि बनावटीला वेगळे. दोन्ही एकत्र केले की 'ठीकठाक' एवढंच उरतं आणि घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

स्टिक. कल्पना ९, बनावट ५.

स्टिक म्हणजे अंगठ्यानं फिरवायची दांडी. साध्या स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो. कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासत फिरते. पट्टी झिजली की बोट न लावताही खेळाडू चालायला लागतो, हाच तो ड्रिफ्ट. हॉल स्टिकमध्ये चुंबक हलतो आणि सेन्सर त्याला न शिवता मोजतो. कल्पना नवी नाही, सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या गेम कन्सोलच्या पॅडमध्ये १९९८ सालीच होती.

आठ महिन्यांत सेन्सरची तक्रार एकही नाही. तक्रार आहे ती स्प्रिंगची. आकडा मधोमध ० आणि टोकाला १ असतो. डावी स्टिक उजवीकडे नेऊन सोडली की ०.०२ वर थांबते, डावीकडे नेऊन सोडली की ०.०८ वर. म्हणजे दांडी मधोमध परतच येत नाही, आणि हॉल सेन्सर बिचारा तेच इमानदारीनं सांगतो. शिवाय दांडी जिथे प्लास्टिकच्या कड्याला घासते तिथे पांढरी भुकटी जमते. जुन्या मंडळींना निंटेंडो ६४ हा गेम कन्सोल (१९९६) आठवेल. त्याच्या स्टिकमध्ये मोजणी प्रकाशावर व्हायची, सेन्सर झिजायचा प्रश्नच नव्हता. पण खालची प्लास्टिकची वाटी झिजून भुकटी व्हायची आणि स्टिक लुळी पडायची. खोक्यावर 'ड्रिफ्ट नाही' लिहिलेलं असेल तर ते फक्त सेन्सरबद्दल समजा.

तपासायची रीत अशी. आधी कंपनीच्या ॲपमध्ये डेडझोन (मधल्या बिंदूभोवतीची जी हालचाल मोजलीच जात नाही ती) शून्य करा, नाहीतर खरा आकडा दिसतच नाही. मग ब्राउझरमध्ये गेमपॅड टेस्टर उघडा, स्टिक आठही दिशांना टोकापर्यंत न्या, झटकन सोडा आणि प्रत्येक वेळी थांबलेला आकडा लिहून ठेवा. ०.०५ च्या आत असेल तर काळजी नाही. ०.१० च्या वर गेला आणि पॅड नवा असेल तर परत करा. इथे कॅलिब्रेशन करत बसू नका. दोन बाजूंना दोन वेगळे आकडे येत असतील तर मधला बिंदू ठरवणार कुठला? सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा थोडा जास्त डेडझोन ठेवा. ०.०८ ला ०.१० पुरतो.

ट्रिगर स्टॉप. कल्पना ८, बनावट ३.

मागची खिट्टी सरकवली की ट्रिगर (तर्जनीनं दाबायचं बटण) अर्ध्यातच अडतो, गोळी लवकर सुटते. बरोबर. पण खिट्टी लावल्यावर तो अर्धा प्रवासच पूर्ण धरला पाहिजे, आणि फर्मवेअर (पॅडच्या आतला प्रोग्रॅम) ते करत नाही. आकडा ०.४५ ला अडकतो. नेमबाजीत चालून जातं, रेसिंगमध्ये गाडी अर्ध्या ॲक्सिलरेटरवर रखडते. स्टीम इनपुटमध्ये (स्टीम या गेमच्या ॲपमधली कंट्रोलरची सेटिंग) ट्रिगरच्या रेंजचं शेवटचं टोक खाली आणलं की सुटतं. जे फर्मवेअरनं करायचं ते गिऱ्हाइकानं करायचं!

मागची बटणं. कल्पना ९, बनावट ६. अनामिका टेकते नेमकी तिथेच बसवलीत, घट्ट धरलं की आपोआप दाबली जातात. ॲपमधून बंद करता येतात.

बनावट फसली म्हणून कल्पनेलाच शिव्या देणारे बरेच. स्टीमवाल्यांचाच २०१५ चा स्टीम कंट्रोलर, ज्यावर अंगठ्याखाली लॅपटॉपसारखे ट्रॅकपॅड होते, २०१९ मध्ये बंद झाला तेव्हा ट्रॅकपॅडच चुकीचे असं ठरवून मोकळे झालेले लोक होते. तेच ट्रॅकपॅड २०२२ मध्ये स्टीम डेक या हातात धरायच्या गेमिंग पीसीवर आले आणि माउसच्या गेमसाठी कामाला लागले.

मूठ आणि बॅटरी. रबरासारखा मऊ लेप हातात छान वाटतो, पण खान्देशच्या उन्हाळ्यात त्याला गुण देता येत नाहीत. मे महिन्यात तो चिकट व्हायला लागला. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कापड ओलसर करून हलकेच पुसा. जोरात घासलं तर लेपच निघतो. टाल्कम पावडर लावू नका, ती फटींतून आत जाते. लिथियम बॅटरी चार्ज करायची मर्यादा साधारण ४५ अंश. पत्र्याच्या घरात दुपारी खोलीच तिथवर जाते, म्हणून चार्जिंग पहाटे किंवा रात्री.

स्टिक बदलायचीच झाली तर जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाईल दुरुस्त करणाऱ्याला एवढंच विचारा, 'चौदा पायांचं स्टिकचं मॉड्युल बोर्डवरचे तांब्याचे ठिपके न उखडता काढशील का?' कंट्रोलर उघडताना लक्षात ठेवा, एक स्क्रू मागच्या स्टिकरखाली दडलेला असतो. तो न काढता ओढलं तर खाचा तुटतात.