‘टेस्टेड’ एसएमपीएस किटमध्ये ७,०३० रुपये गेले, तुम्ही सावध राहा

एसएमपीएस म्हणजे घरच्या विजेचा कमी व्होल्टचा डीसी करणारा पॉवर सप्लाय. तो स्वतः जोडायला एका विक्रेत्याकडून पार्टांचं किट मागवलं. डिझाइन ओपन सोर्स होतं. सर्किट, पीसीबीच्या (सर्किट बोर्डाच्या) फाइली, पार्टांची यादी, सगळं खुलं नि फुकट. डल्ला पडला तो पार्टांवर. किटचे ६,८५०, कुरिअरचे १८०, सगळे आगाऊ यूपीआयने. विक्रेता म्हणाला, "दादा, सगळा माल ओरिजिनल, टेस्ट करूनच पाठवतो." यादीतला एकेक नंबर त्याला तोंडपाठ. अशा माणसावर संशय कोण घेणार?

पण तो मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा पार्ट) हातात आला तेव्हाच कळायला हवं होतं. वर छापलंय ४५० व्होल्ट, ३३० मायक्रोफॅरड, आणि अंगाने हा एवढासा! बोर्डावरच्या गोलात सैल बसत होता. कडेला एका स्लीव्हखाली (छापील प्लास्टिक वेष्टनाखाली) दुसरी स्लीव्ह दिसत होती. मीटरवर व्हॅल्यू बरोबर आली, मग मी तरी आणखी काय तपासणार? किती व्होल्ट सोसेल हे साधा मीटर सांगत नाही. नंतर ब्लेडने सोलला तर आत २०० व्होल्टचा माल. घरचे २३० व्होल्ट ब्रिजमधून (एसीचा डीसी करणाऱ्या डायोडांतून) गेले की ३२५ डीसी होतात. सिरीज बल्ब (सप्लायच्या वाटेत जोडलेला, जादा करंट अडवणारा फिलामेंटचा बल्ब) लावूनच चालू केलं म्हणून नुसता फुगून वाफ ओकला. सिरीज बल्बाशिवाय नवा सप्लाय कधीच लावू नका.

आयआरएफपी४६० मॉसफेटवरची (वीज झपाट्याने चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरवरची) अक्षरं एसीटोनच्या बोळ्याने पुसली गेली. गेट (त्याच्या कंट्रोल पिनची) कपॅसिटन्स मोजा: डेटाशीटात (कंपनीच्या माहितीपत्रकात) ४,२०० पिकोफॅरडच्या आसपास, माझ्याकडचे हजाराच्याही आत. आणि प्रायमरी-सेकंडरीच्या (घरच्या विजेच्या आणि १२ व्होल्टच्या बाजूंच्या) मधली निळी वाय कपॅसिटर, जी शॉर्ट होऊ नये अशी खास बनवलेली असते? साधी सिरॅमिक डिस्क, सुरक्षेचा एक शिक्का नाही. ती शॉर्ट झाली असती तर १२ व्होल्टच्या तारेवर घरची वीज आली असती. त्याच तारेला माझा पोरगा एलईडी जोडणार होता. ही नुसती पैशांची फसवणूक नाही.

चौकीत साहेब म्हणाले, "माल मिळाला ना? मग ग्राहक आयोगात जा." डेटाशीट पुढे केली, हातातसुद्धा घेतली नाही. पेमेंट ॲपवाल्यांनी ‘व्यवहार यशस्वी’ म्हणून तक्रार बंद केली. हेल्पलाइनवर दरवेळी नवा माणूस, दरवेळी पहिल्यापासून रामायण, शेवटी "रक्कम लहान आहे सर". लहान? अशी लहान रक्कम तो किती जणांकडून उकळतोय, हे बघायचं कुणाचं काम आहे? नंबर आजही चालू आहे, किट आजही विकतोय.

मॉसफेट, वाय कपॅसिटर, मोठा कपॅसिटर अधिकृत वितरकाकडूनच घ्या, बिलासकट. आगाऊ पैसे नकोतच. आणि पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा. माझ्याकडे तो नव्हता, आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा तोच मागितला.