कोर्‍यूवरची पुस्तकं आणि चित्रफिती: काही महिन्यांच्या वापरानंतर

कोर्‍यू, म्हणजे १८६८च्या मेइजी सत्तांतराआधी सुरू झालेल्या जपानी युद्धकला-परंपरा. त्या समजून घ्यायच्या असतील तर डायान स्कॉस यांनी संपादित केलेल्या तीन लेखसंग्रहांपासून सुरुवात करा. गेल्या काही महिन्यांत बरंच वाचलं, पाहिलं. पुन्हा पुन्हा हात गेला तो यांच्याकडेच. १९९७ ते २००२ दरम्यान निघालेली ही इंग्रजी पुस्तकं. लिहिणाऱ्यांपैकी अनेकजण एखाद्या परंपरेत रीतसर प्रवेश घेऊन घडलेले आहेत, आणि ते पानोपानी जाणवतं.

दुसऱ्या खंडातल्या निशिओका त्सुनेओ यांच्या एका लेखासाठी तर मी अख्खा संच घेईन. जोडीने करायच्या कातामध्ये, म्हणजे आधीच ठरलेल्या हालचालींच्या सरावात, वार करणारी आणि शेवटी हरणारी बाजू, उचिदाची, ज्येष्ठाकडे असते. जिंकणारी बाजू, शिदाची, शिष्याकडे. ज्येष्ठाने खरा, नेमका वार केला तरच शिष्याला अंतराची आणि वेळेची जाण येते. तो स्वतःचं वर्चस्व दाखवू लागला की शिकवणं तिथेच संपलं. हे वाचून मी जुन्या चित्रफिती पुन्हा लावल्या, आणि या वेळी नजर हरणाऱ्यावर खिळली. किती मनापासून हरतात ही माणसं!

चित्रफितींसाठी निहोन कोबुदो क्योकाई या १९७९ साली स्थापन झालेल्या संस्थेची तोक्योतल्या निप्पोन बुदोकानमधली प्रात्यक्षिकं पाहा. एकाच कार्यक्रमात तलवार, भाला, नागिनाता (लांब दांड्याचं वाकडं पातं), जुजुत्सु (अंगाशी भिडून लढण्याची कला) असं सगळं दिसतं. कॅमेरा लांब असतो, त्यामुळे पकड आणि श्वास मात्र कळत नाही.

जपानी युद्धकलांचे अमेरिकी अभ्यासक डॉन ड्रेगर यांची १९७३-७४ची तीन पुस्तकं वाचायला रंजक आहेत. पण बुजुत्सु (युद्धाची कला) युद्धासाठी आणि बुदो (युद्धकलेचा मार्ग) आत्मविकासासाठी, अशी त्यांनी आखलेली रेषा फार सरळ आहे. कार्ल फ्रायडे यांचं काशिमा-शिनर्‍यूवरचं १९९७चं पुस्तक त्यानंतर वाचाच. ते इतिहासकार आहेत आणि त्या परंपरेत शिकलेलेही. जुन्या परंपरांत लढाईचं कसब आणि स्वतःला घडवणं हातात हात घालूनच चालायचं, हे त्यांच्याकडून पटतं. वाचायला जड आहे, सावकाश घ्या.

ओताके रिसुके यांच्या कातोरी शिंतो-र्‍यूवरच्या पुस्तकात पवित्र्यांची भरपूर छायाचित्रं आहेत. ती पाहून घरी लाकडी तलवार फिरवण्याचा मोह होईल, तो टाळा. या परंपरेत आजही रक्ताची शपथ घेऊन प्रवेश मिळतो. कोल्हापूरच्या तालमीत मर्दानी खेळ वस्तादासमोर उभं राहूनच अंगात येतो, तसंच हे आहे.

जुन्या आवृत्त्या महाग पडतात. सगळं एकदम घेणं जमणार नसेल तर निशिओकांचा लेख असलेला दुसरा खंड आधी घ्या, आणि चित्रफिती तो वाचून झाल्यावरच लावा.