बी.कॉम.मधलं व्यावसायिक अर्थशास्त्र की बी.ए.चं अर्थशास्त्र?

बारावी कॉमर्स झालेली शेजारची मुलगी मागच्या आठवड्यात घरी आली. अर्थशास्त्रात तिला चांगले मार्क आहेत, बुककीपिंगही जमतं. वडील म्हणतात बी.कॉम. कर, मॅडम म्हणतात अर्थशास्त्र घेऊन बी.ए. कर. "दादा, दोन्हीकडं अर्थशास्त्र आहेच, मग फरक काय?" हा तिचा प्रश्न. आमच्या घरात दोन्ही वाटा चालून झाल्या आहेत. मी बी.कॉम. करून हिंगणघाटकडच्या एका जिनिंगचे, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचे, हिशेब बघतो. धाकट्या बहिणीनं बी.ए. आणि पुढं एम.ए. अर्थशास्त्रातच केलं. त्या मुलीला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो, कारण जूनमध्ये असे प्रश्न घेऊन फिरणारी ती एकटी नाही.

दोन्हीकडं मागणी-पुरवठा, लवचिकता (भाव बदलला की मागणी किती बदलते), पूर्ण स्पर्धा, मक्तेदारी हे सगळं येतं. पहिल्या वर्षाची पुस्तकं शेजारी ठेवली तर अर्धे धडे सारखेच वाटतील. फरक आहे तो प्रश्न कोण विचारतो यात. व्यावसायिक अर्थशास्त्रात प्रश्न धंदा करणाऱ्याचा असतो: माल किती घ्यायचा, कोणत्या भावानं, धंदा कधी थांबवायचा. बी.ए.ला तोच बाजार कास्तकार, मजूर, सरकार आणि देश यांच्या बाजूनं बघायचा असतो.

कापसाचंच घ्या. 100 किलो कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी, म्हणजे कापसाचं बी. म्हणजे 170 किलोची एक गाठ बांधायला पाच क्विंटलच्या आसपास कापूस लागतो. जिनिंगवर कर्जाचं व्याज आणि चौकीदाराचा पगार मशीन बंद असली तरी द्यावाच लागतो, तो स्थिर खर्च. वीज, हमाली, रोजंदारी हा बदलता खर्च. पुस्तकात एक वाक्य होतं: अल्पकाळात मिळणाऱ्या पैशातून बदलता खर्च भरून निघत असेल तर तोटा सोसूनही उत्पादन चालू ठेवावं. परीक्षेसाठी मी ते पाठ केलं होतं, समजलं मात्र नव्हतं. हंगाम सरताना आवक घटली, तरी मालकांनी मशीन बंद केली नाही, तेव्हा मी वहीत आकडे मांडून पाहिले. चालू ठेवल्यानं होणारा तोटा बंद ठेवण्यापेक्षा कमी होता. त्या दिवशी तो धडा मला खऱ्या अर्थानं कळला. व्यावसायिक अर्थशास्त्राचं हे मोठं देणं आहे. जिनिंग असो, कृषी केंद्र असो, दूध संकलन असो, कोणत्याही धंद्याच्या वहीत ते लगेच कामी येतं.

बहिणीच्या पुस्तकात 'खर्च' याच शब्दाचा अर्थ निराळा निघाला. तिथं ए2, एफएल आणि सी2 होते. ए2 म्हणजे बियाणं, खत, फवारणी, मजुरी असा प्रत्यक्ष केलेला खर्च. एफएल म्हणजे घरच्या माणसांच्या राबण्याची धरलेली किंमत. सी2 मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याजही येतं. केंद्र सरकार हमीभाव ए2 अधिक एफएल याच्या दीडपट धरून जाहीर करतं आणि शेतकरी संघटना सी2 वर दीडपट मागतात. 2025-26 ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता. तो पुरेसा की अपुरा, हे यातला कोणता खर्च धरता त्यावर ठरतं. हे वाचून बहिणीनं जेवताना विचारलं होतं, आई इतकी वर्षं आपल्या पऱ्हाटीत, कपाशीच्या शेतात, वेचणी करते, तिची मजुरी घरात कुणी कधी धरली का? मी तोवर हिशेबाची दोन वर्षं शिकलो होतो, पण हा प्रश्न मला पडला नव्हता.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क वर्षअखेरीपर्यंत काढलं, तेव्हाही असंच झालं. मी रुईच्या भावाचा आणि पडून असलेल्या मालाचा हिशेब करत होतो. बहीण विचारत होती की सूतगिरणीला स्वस्त कापूस आणि कास्तकाराला बरा भाव यांतलं सरकारनं काय निवडलं आणि का.

आता अभ्यासाच्या ओझ्याबद्दल. बी.कॉम.ला अर्थशास्त्र हा अनेकांतला एक विषय. लेखाकर्म, परिव्यय (कॉस्टिंग), कायदा, कर, संख्याशास्त्र या गर्दीत त्याला जेमतेम जागा मिळते. खोलात जायची इच्छा असेल तर ते तुटपुंजं वाटेल. बी.ए.ला सार्वजनिक वित्त, आंतरराष्ट्रीय व्यापार, आर्थिक विचारांचा इतिहास इथपर्यंत जाता येतं. पण गावाकडच्या बी.ए.मध्ये एक उणीव राहून जाते, ती म्हणजे गणित. तीन वर्षं आकृत्या काढून, व्याख्या लिहून पास होता येतं आणि मग एम.ए.ला संख्याशास्त्र आणि कलन (कॅल्क्युलस) अंगावर येतं. बहिणीचं पहिलं सत्र त्यातच गेलं. पुण्याच्या गोखले संस्थेसारख्या ठिकाणी जायचं मनात असेल, तर बी.ए. करतानाच गणित सोबत ठेवा.

नव्या शैक्षणिक धोरणात मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय) आले. कागदावर कॉमर्सच्या मुलीला कलाशाखेतला विषयही घेता येतो. तालुक्याच्या कॉलेजात मात्र ज्या विषयाला शिक्षक आहे तोच विषय मिळतो. मी शिकत होतो तेव्हा अर्थशास्त्राची जागा रिकामी होती. घड्याळी तासिकेवरचे सर दिवाळीनंतर आले, तोवर आम्ही गाईड वाचत बसलो. त्या सरांनी मन लावून शिकवलं, पण हातातून गेलेले महिने परत आले नाहीत. म्हणून फॉर्म भरायच्या आधी कॉलेजात जाऊन विचारा: अर्थशास्त्राला कायम शिक्षक आहेत का आणि मायनरमध्ये यंदा प्रत्यक्ष काय चालू आहे. डिग्रीच्या नावापेक्षा या उत्तरानं जास्त फरक पडतो.

पुढच्या वाटांचं थोडक्यात. एमपीएससी आणि बँकेच्या परीक्षांना कोणतीही पदवी चालते, त्यासाठी बी.कॉम. की बी.ए. यात जीव अडकवू नका. सी.ए. करायचं असेल तर फाउंडेशन या पहिल्या परीक्षेच्या चार पेपरांतला एक व्यावसायिक अर्थशास्त्राचाच आहे. पदवीनंतर थेट इंटरमीजिएट या पुढच्या टप्प्याला जायला वाणिज्य पदवीधरांना 55 टक्के लागतात, इतर शाखांच्या पदवीधरांना साधारणपणे 60. भारतीय आर्थिक सेवेला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी हवी, त्यात व्यावसायिक अर्थशास्त्रही चालतं. आणि एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. आपल्याकडं बी.कॉम. करून एम.ए. अर्थशास्त्राला जाता येतं, बी.ए. करून एम.कॉम.ला जाणं सहसा जमत नाही.

या दोन्ही विद्या एका माणसात होत्या, त्याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत 1934 पासून ग्रामोद्योग संघाचं काम उभं करणारे गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा आधी लंडनमध्ये हिशेबनीस झाले, मग अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त शिकले. वहीतला आकडा आणि गावाची गरिबी दोन्ही त्यांना वाचता येत. जमलं तर त्या मुलीनं असंच दोन्ही शिकावं, असं मला वाटत होतं. तीन वर्षांनी घरात पगार यायला हवा, ही तिच्या घरची गरजही मला ठाऊक होती. म्हणून मी सांगितलं, बी.कॉम. कर आणि एम.ए.ची वाट मोकळी ठेव.

उठता उठता ती म्हणाली, "दादा, बुककीपिंग जमतं, पण आवडत नाही. ताळेबंद जुळला तरी मला काही वाटत नाही." तेव्हा मी तिला पुन्हा बसवलं आणि माझा सल्ला मागे घेतला. बी.कॉम.चा मोठा भाग लेखाकर्माचाच आहे. त्यात मन नसेल तर अर्थशास्त्राच्या मोजक्या पेपरांसाठी तीन वर्षं ओढत नेण्यात अर्थ नाही. तिनं बी.ए.च करावं, संख्याशास्त्र सोबत घ्यावं आणि सुट्टीत टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकून ठेवावं, म्हणजे घरच्या गरजेलाही आधार राहील. सोमवारी बहीण तिला घेऊन कॉलेजात जाणार आहे, शिक्षकांची जागा भरली का ते विचारायला.