डॉक्टर हू: सुरुवात डेव्हिसपासून करावी की मोफाटपासून?

१९६३ साली सुरू झालेली आणि १९८९ साली बंद पडलेली बीबीसीची 'डॉक्टर हू' ही विज्ञानकथा मालिका २००५ मध्ये परत आली. तिचा नायक 'डॉक्टर' हा काळातून प्रवास करणारा परग्रहवासी. आज पहिल्यांदा बघणाऱ्याने जुन्या पर्वांच्या वाटेला जाऊ नये. प्रश्न उरतो तो एवढाच: मुख्य लेखक-निर्माता रसेल टी डेव्हिसच्या पर्वांपासून (२०१० च्या सुरुवातीपर्यंत) बघायला घ्यावं, की त्यानंतर २०१७ पर्यंत ती जबाबदारी सांभाळणाऱ्या स्टीव्हन मोफाटच्या? दोघांच्या कथानकांवर चाहते वर्षानुवर्षं भांडत आलेत आणि दोन्हीकडची तक्रार खरी आहे. (पुढे काही रहस्यं फुटतील, इलाज नाही.)

डेव्हिस संकट एवढं फुगवतो की सुटकेला चमत्कारच लागतो. २००७ च्या पर्वाअखेर जगभरची माणसं एकाच वेळी 'डॉक्टर' म्हणतात, त्या जोरावर पिंजऱ्यातला थकलेला डॉक्टर तरंगत उठतो आणि सगळं वर्षच पुसलं जातं. अहो, हसू येतं! पादणारे परग्रहवासीही त्याच्याच काळातले. पण डॉक्टरची सोबतीण, दुकानात काम करणारी रोझ, घरी तिच्या काळजीने चिडचिडणारी आई, हे घर तो विसरत नाही. म्हणून निरोपाचे प्रसंग आतपर्यंत लागतात.

मोफाटला कोडं प्यारं. २०११ च्या पर्वात पहिल्याच भागात यूटामधल्या तळ्याकाठी डॉक्टर मारला जातो. उत्तर मिळतं थेट तेराव्या भागात, तेही 'मेला तो खरा नव्हताच' असं. मध्ये डॉक्टरचे सोबती एमी आणि रोरी या जोडप्याचं तान्हं बाळ पळवलं जातं, पण आईबापांचं दुःख फारसं दिसतच नाही, कारण बाळही कोड्याचाच तुकडा. रोरी तर इतक्यांदा मरून परततो की त्याच्या मरणाचं काही वाटेनासं होतं. पुढची सोबतीण क्लाराही बराच काळ माणूस कमी, गूढ जास्त.

गंमत अशी की मोफाटने लिहिलेले 'द एम्प्टी चाइल्ड' आणि 'ब्लिंक' हे भाग डेव्हिसच्याच काळातले. एका-दोन भागांत गोष्ट मिटवायची असली की त्याचं कोडं माणसांना गिळत नाही.

माझा कौल डेव्हिसला. त्याचा दोष बहुधा पर्वाच्या शेवटी बाधतो, मोफाटचा वर्षभर. २००५ चे स्वस्तातले इफेक्ट्स अगदीच सहन होणार नसतील, तर २०१० च्या 'द इलेव्हन्थ अवर' या मोफाटच्या पहिल्या भागापासून सुरू करा. डॉक्टर झालेल्या मॅट स्मिथचं ते पहिलं पर्व बरंच सरळ आहे. २०११ चं मात्र जेवता जेवता, मोबाइल चाळत बघू नका, सगळं डोक्यावरून जाईल.