सगळे धरायचे की निम्मे विकायचे?

फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या, निव्वळ आशेवर चालणाऱ्या छोट्या कंपनीचे शेअर हाती असले की दोन वाटा दिसतात: सगळे धरून बसायचं, किंवा भाव दुप्पट होताच निम्मे विकून मुद्दल मोकळं करायचं.

धरून बसण्याचा मोह समजतो. तोटा 100 टक्क्यांवर थांबतो, नफ्याला मर्यादा नाही. पण 80 टक्के पडलेला शेअर मूळ भावाला यायला 400 टक्के चढावा लागतो, हे गणित कुणी मनावर घेत नाही. शिवाय अशा कंपनीची कमाई बेताची. रोकड आटली की ती नवे शेअर काढते. 1 कोटीचे 2 कोटी शेअर झाले की तुमचा हिस्सा निम्मा, कंपनी तरली तरीही. व्यवहारही तुरळक: पडद्यावर भाव 40, घेणारा मात्र 34 लाच तयार.

निम्मे विकणाऱ्याला पुढे भाव चढला तर हळहळ लागते, एवढंच. उरलेले शेअर ‘फुकट’ वाटतात (हा मनाचाच खेळ, त्यांची किंमत आजच्या भावाचीच असते), पण झोप लागते.

माझा कौल दुसऱ्या वाटेला. मात्र कंपनीकडे दोन वर्षं पुरेल इतकी रोकड असेल आणि प्रवर्तक (कंपनी उभी करणारे) स्वतःचे शेअर विकत नसतील, तर मीही थोडा थांबेन.