हवेच्या कयाकमधून ८ महिने खाडीतली मासेमारी, माझा अनुभव

गणपती गेले आणि चौथ्या दिवशी ही कयाक घरी आली. दोन माणसांची, हवा भरायची, साडेदहा फूट, पिशवीसकट १५ किलो. आम्ही कोल्हापुरात तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, गाडी बारकी, म्हणजे कडक प्लास्टिकची घेतली असती तर ती ठेवायला आधी बंगला बघावा लागला असता. कंपनीचं नाव लिहीत नाही, असलीच कयाक पाच-सहा नावांनी मिळते आणि खाली लिहिलंय ते जवळजवळ सगळ्यांना लागू पडेल.

पहिली मोठी फेरी कोजागिरीला, शास्त्री नदीत, जयगडच्या आत. तिथेच माती खाल्ली. कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात, तिथीची पाऊणपट करायची, अष्टमीला ६ वाजता भरती, पौर्णिमेला सव्वाअकराला. थोडं मागेपुढे होतं पण अंदाजाला बास. हे मला पाठ होतं, अर्थ मात्र त्या दिवशी कळला. सव्वाअकराला भरती म्हणजे पुढची सगळी दुपार सुकती, म्हणजे ओहोटी, तीही उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची जोरदार, पाणी समुद्राकडे पळतंय आणि दुपारचे खारे वारे समुद्रावरून आत घुसतायत, दोघांची टक्कर झाली की आखूड, उभ्या लाटा. त्यात हवेची कयाक पाण्यात बसत नाही, वरच तरंगते, वल्हं थांबलं की तोंड फिरलंच म्हणून समजा. जाताना पाऊण तास लागला होता, परत यायला अडीच. तवसाळची फेरीबोट निवांत ये-जा करत होती आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत वल्हवतोय. मासा काय मिळाला तर एक शिंगाळा. त्याच्या काट्याला विष आणि आपल्या बुडाखाली हवा, मावसभावाने गरीसकट तंगूस (गळाची दोरी) कापून त्याला सोडून दिला.

वाशिष्ठी मुद्दाम टाळली. कोयनेच्या वीजघरांचं पाणी तिच्यात येतं म्हणून उन्हाळ्यातही नदी भरलेली असते, पण चिपळूणच्या खाली सुकतीला चिखलावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात. लोक त्या बघायला जातात, पण मोठ्या होडीतून.

मग डिसेंबरात पंचांग बघून सुट्टी टाकली, अष्टमी ते एकादशी, काजळी, कर्ली आणि तेरेखोल या तीन नद्यांच्या खाड्या. अष्टमीला पहाटे भरती संपते, दुपारपर्यंत सुकती, सकाळचे मतलई वारेसुद्धा समुद्राकडेच, म्हणजे दोघं मिळून खाली नेतात आणि दुपारी दोघंही फिरतात आणि परत आणून सोडतात. भाट्याच्या पुलाच्या आत काजळीत दिवसभर फिरलो, संध्याकाळी हात दुखले नाहीत. पण मासा नाही! भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या मंद भरती-ओहोटीला, पाण्याला ओढच नसते. जिताडा सुकतीला कांदळवनातून ओहोळ बाहेर पडतो त्या तोंडाशी दबा धरून बसतो, वाहत येणारी कोळंबी आणि बारकी मासळी त्याला आयती मिळते, आणि त्यासाठी पाणी जोरात निघायला लागतं. तेव्हा कयाकला जी तिथी बरी ती माशाला नको, आठ महिने माझं हेच गणित चाललंय. सध्या दशमी-एकादशीवर येऊन थांबलोय, ओढ थोडी असते आणि वल्हंही चालतं.

दुसऱ्या दिवशी कर्लीत उतरलो, देवबागला. किनाऱ्यावर जाळं शिवत बसलेले एक आजोबा बघत होते, म्हणाले, "ह्या काय रबराचा घेवन इलंस? कालवां फाडतली ह्येका." आम्ही हसलो. अर्ध्या तासात तिवरांच्या कडेला कालवं (धारदार शिंपले) लागलेल्या दगडावर घासली आणि डाव्या बाजूला बोटभर चीर. तळाचा आणि दोन्ही बाजूंचे कप्पे वेगळे असल्यामुळे बुडलो नाही, एका अंगावर कलंडत काठाला आलो. सोबत मिळालेला गोंद पूर्ण सुकायला दिवस गेला, पण ते ठिगळ अजून टिकून आहे, हे मात्र मानलं पाहिजे. आजोबांनी नंतर चहा पाजला आणि संगमाकडे जायचं नाही म्हणून दम दिला, तो ऐकला.

तेरेखोलला एकादशीला आरोंद्याच्या बाजूने गेलो आणि सकाळी साडेदहाच्या सुमारास जिताडा लागला, अडीच किलोचा. पलीकडे गोव्यात त्यालाच चोणक म्हणतात. कयाक हलकी असल्यामुळे त्याने आम्हाला चांगलं वीस-पंचवीस फूट ओढत नेलं, यासाठी तरी हवेची कयाक घ्यावी. फक्त त्याच्या कल्ल्याचं झाकण सुरीसारखं असतं, मासा थेट आत घेऊ नका, खाली जाड रबरी चटई टाका. आणि नांगर कधीही बाजूच्या कडीला बांधू नका, पुढे नाहीतर मागेच बांधा. बाजूला बांधला की सुकतीचं पाणी आडवं येतं आणि कड खाली दाबतं, आम्ही एकदा उलटता उलटता राहिलो.

आता झीज. पिशवीची धातूची चेन तीन महिन्यांत मिठाने जाम झाली, आता दोरीने बांधतो. वल्ह्याचा जोडही गोड्या पाण्याने धुतला नाही तर अडकतो. पहाटे गार पाण्यात हवा नरम पडते आणि तीच कयाक दुपारी वाळूवर ठेवली तर फुगून टणक होते, तेव्हा थोडी सोडून द्या. वाळवायला गच्चीवर दोन दिवस लागतात, एकदा घाईत ओलीच गुंडाळली तर बुरशी आणि असला वास की बायकोने पिशवी जिन्यात ठेवायला लावली. सीट बेकार, दोन तासांत कंबर धरते, मी जुनी उशी घालतो. रॉड ठेवायला काहीच सोय नव्हती, प्लंबरकडून पाइपचे तुकडे आणून क्रेटला बांधले. तळाचा पंखा (दिशा सरळ ठेवणारी पट्टी) उथळ पाण्यात चिखलात रुततो, तो अर्धा कापायचाय पण धीर होत नाही.

एकट्याने मासेमारी करणार असाल आणि घरी जागा असेल तर कडकच घ्या. माझ्यासारखा जिना असेल तर हीच.

सध्या पाऊस आहे, कयाक पलंगाखाली. नारळी पौर्णिमा झाली की काढणार, पण पौर्णिमेला नाही, पुढच्या दशमीला.